एक वीत लांब

पेसमेकर तपासून घ्यायला मनकर्णाबाई मुलाबरोबर राहुरीहून नगरला गेल्या, तेव्हा त्यांच्या मनात भीती अशी काही नव्हती. डबी बसवून वर्ष होत आलं होतं. येताना सुनेला एक गाऊन घ्यायचा, एवढाच काय तो जादा बेत.

डॉक्टरांनी गळ्याच्या हाडाखाली, डबीच्या उंचवट्यावर, एक गोल लोहचुंबक ठेवलं. लगेच छाती दुडक्या चालीने पळायला लागली. चुंबक उचललं आणि चाल पुन्हा नेहमीची झाली.

"घरी बी आसंच हुतं," बाई म्हणाल्या. "दुपारी पडले की."

डॉक्टरांनी चष्मा काढला. चुंबक जवळ आलं की ही डबी हृदयाचं ऐकायचं सोडते आणि आपली एकसारखे ठोके देत सुटते, असं त्यांनी समजावून सांगितलं. "तपासण्यापुरतं ठीक आहे. रोज होत असेल तर एखाद्या दिवशी जिवावर बेतेल. छातीजवळ काय येतं ते शोधा, आणि जे सापडेल ते कमीत कमी एक वीत लांब ठेवा."

मुलगा सुनील साखर कारखान्यात फिटर. शोधायचं म्हटल्यावर त्याने घर उलथंपालथं केलं. आईचा मोबाईल तर आधीपासूनच उजव्या कानाला असायचा आणि इंडक्शनची शेगडी तिच्यापासून हातभर लांब. आता बायकोचे इअरफोन, तिच्या पर्सचं चुंबकाचं बटण, मोबाईलचं कव्हर, सगळं पडवीत गेलं. फ्रिजच्या दारावरच्या चुंबकी बालाजीलाही वनवास घडला. आई दुपारी पडायची त्या खोलीत राहिली फक्त लोखंडी कॉट आणि कॉटला टेकलेला पत्र्याचा कूलर. त्या कूलरला हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या, म्हणून घरातले सगळे चप्पल घालूनच त्याचं बटण दाबत. हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दुपारी बाई त्याच कॉटवर पडल्या. पडदे ओढलेले, कूलरची घरघर, ओल्या गवताचा वास. डोळा लागता लागता तो वास मागे पडला आणि शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला. मग छातीवर वजन आलं. जड नव्हे, कुणी कान टेकवावा एवढंच. दुडकी सुरू झाली.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. वास कुणाचा ते त्यांना कळलं होतं.

नवऱ्याचं, रंगनाथरावांचं, शिलाईचं दुकान होतं. खाली सांडलेल्या सुया टिपायला ते गळ्यात दोऱ्याने चुंबक बांधत. बायकोला पहिल्यांदा चक्कर आली तेव्हापासून दुपारी जेवायला आले, की ती पडल्यावर तिच्या छातीला कान लावून बघत. बाई लटक्या रागाने त्यांना ढकलून देत. बाईंना डबी बसायच्या आधीच ते गेले. चितेवर ठेवताना गळ्यातला दोरा काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. डबीचं त्यांना कुणी सांगणार कसं?

बाईंना आधी रडू आलं. भीती मागून आली.

"आवं..." त्या पुटपुटल्या. "माझ्या छातीत आता मशीन हाय... तुमच्या त्या चुंबकानं जीव जाईल माझा... एक वीत लांब बसा."

वजन उठलं. दुडकी थांबली. आणि तिच्या मागोमाग ठोकाही थांबला.

खिडकीतला तांब्या फरशीवर दणकन आपटला, म्हणून सून अश्विनी स्वयंपाकघरातून धावत आली. सासूचे ओठ निळे पडले होते. "आत्या... आत्या, वो द्या की." श्वास चालू आहे का ते ऐकू यावं म्हणून तिने कूलर बंद केला. त्याच क्षणी बाईंनी खोल श्वास घेतला.

संध्याकाळी वायरमन बजरंगने टेस्टर लावला. "बॉडीत करंट उतारलाय. अर्थिंग न्हाईच याला. कॉटबी लोखंडी."

सुनीलने डॉक्टरांना फोन केला. तो करंट म्हणजे हृदयाचेच ठोके, असं डबीला वाटलं आणि ती गप्प बसली, डॉक्टर म्हणाले. "छातीवर चुंबक असतं तर तिने कशाचंच ऐकलं नसतं. ठोके देत राहिली असती. इतके दिवस तुमच्या आई त्या दुडकीमुळेच वाचल्या. चुंबक ठेवत कोण होतं?"

सुनीलने आईकडे बघितलं. ती खाली मान घालून चहा पीत होती.

घराला नवीन वायरिंग झालं, अंगणात अर्थिंग पुरलं, कॉट जाऊन लाकडी पलंग आला. दुडकी पुन्हा आली नाही. बाईंना करमेना. "या की जवळ... मी चुकले," असं त्या कधीकधी रिकाम्या खोलीला म्हणत. कुणी येत नसे. काम असल्याशिवाय हा माणूस दुकान सोडून कधी आलाच नव्हता, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

थंडीत एकदा दुपारी लाइट गेली होती. कूलर केव्हाच माळ्यावर चढला होता. सुनील कारखान्यात, अश्विनी मोबाईल घेऊन मळ्यात. घरात बाई एकट्याच पडल्या होत्या, आणि तेलाचा वास आला. छातीवर कान टेकला. दुडकी सुरू झाली.

"आलात व्हय..." बाईंना इतका आनंद झाला, की डोळे भरून आले.

मग त्यांच्या ध्यानात आलं. घरात आज कुठल्याच तारेत वीज नव्हती.

"आवं... आता काय हाय हितं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

छातीवरचं वजन जरासं सरकलं, आणि त्यांच्या नि दाराच्या मधे येऊन थांबलं.