नळकांड्याचं वजन

"फटाका न्हवताच त्यो!" जहिरा ठासून म्हणाली.

"मग काय तोफ हुती?" गोरक्ष हसला. "आमचे छगनकाका म्हनले न्हवं, लवंगी उडवली म्हनून!"

"न्हाणीघरात? बन्सी, दारूचा वास येतोय का रे?"

बन्सी त्यांच्यात सगळ्यांत धाकटा, पण नाक भलतंच तिखट. त्यानं दोनदा हुंगलं. "लाकडाचा धूर हाय. फटाक्याचा वास न्हाई!"

एकाहत्तर सालची दिवाळीची सुट्टी चालू होती. भंडारदरा धरण काठोकाठ भरलं होतं. गोरक्षचे रंगनाथमामा मोठ्या बोटीवर नोकरीला. या खेपेला त्यांनी परदेशातून आपोआप फुगणारं जाकीट आणलं होतं. एरवी ते गळ्यातल्या चपट्या पट्ट्यासारखं दिसे. माणूस पाण्यात पडला, की आतली गोळी विरघळायची, सुई सुटून लोखंडी नळकांड्याला भोक पाडायची आणि आतल्या वायूनं जाकीट टम्म फुगायचं.

"दुकानात पाच घालून पाहिली, तेव्हा हे निवडलं!" मामा येईल त्याला ऐकवत. "माणसाचं वजन, छातीचं माप, सगळं बघावं लागतं!"

आज चार वाजता पुण्याच्या पाहुण्यांसमोर त्याचं प्रात्यक्षिक होतं. पाण्यात उडी मारणार होते गावचे सुतार गनीभाई. मामांची शिडाची होडी त्यांनीच डागडुजी करून दिली होती, पण पोहण्याच्या नावानं शून्य! "म्हणूनच तर त्यांना निवडलं! न पोहणारा तरंगला, तरच खरी गंमत!" मामा म्हणाले होते. गनीभाई म्हणजे जहिराचे अब्बा. कालपासून ती काळजीनं ते जाकीट पुन्हा पुन्हा निरखत होती.

तिघं न्हाणीघरात शिरले. बंब धडाडून पेटला होता. वाफेनं भिंती ओल्या झाल्या होत्या आणि बंबाच्या अगदी वरच खुंटीला जाकीट टांगलं होतं!

जहिरानं ते खाली काढलं. "हातानं वढून फुगवायची दोरी मामांनी भाईर ठेवली हुती. आता बघ, घडीच्या आत गेलीया. कुनीतरी परत घडी घातलीया ह्याची!"

गोरक्षचा चेहरा उतरला. "म्हंजी वाफेनं गोळी विरघळली... आन् मगाशी फट्ट झालं, त्ये हेच!"

त्यानं नळकांडं फिरवून काढलं. तोंडाशी सुईच्या टोकाएवढं भोक होतं.

"असनारच की भोक!" बन्सी म्हणाला. "त्याच्याबिगर वारं निघंल कसं?"

काय खरं, काय खोटं? गोरक्ष पळत जाऊन जाकिटाच्या खोक्यातला कागद घेऊन आला. आठवीतलं इंग्रजी पणाला लावून त्यानं एक ओळ कशीबशी लावली. नळकांड्यावर कोरलेल्या आकड्याएवढं वजन भरलं पाहिजे. कमी भरलं, तर वायू गेला! आकडा होता १४५.

"तोलायचं कुठं?" गोरक्षनं विचारलं. "किराण्याच्या ताजव्यात एक-दोन ग्रॅम कळायचे न्हाईत."

"पोस्टात!" जहिरा म्हणाली आणि नळकांडं मुठीत धरून पळत सुटली.

पोस्ट म्हणजे भिमाजीमास्तरांची ओसरी. मास्तरांनी चष्मा लावून नळकांडं न्याहाळलं. "लोखंड हाय. ह्याचं पार्सल करावं लागंल. कुठं धाडायचं?"

"धाडायचं न्हाई वो! नुस्तं तोला!"

"न्हाई धाडायचं तर तोलायचं कशापायी?"

"मास्तर, माझा अब्बा बुडंल वो!" जहिराला रडूच फुटलं.

मास्तरांनी लगेच तराजू पुढं ओढला. त्यांनी शंभराचं वजन टाकलं, मग दहाचं, मग दोनाचं. काटा मधोमध स्थिरावला.

"एकशे बारा."

तेहतीस ग्रॅम गायब! नळकांडं पार रिकामं होतं.

"आन् पोरांनो, पाहुन्यांना निघायची घाई हाय," मास्तर म्हणाले. "समदी मंडळी आत्ताच जाकीट घिऊन पान्याकडं गेली."

तिघांनी पायांत होतं-नव्हतं तेवढं बळ एकवटून काठ गाठला. गनीभाई जाकीट घालून होडीत बसले होते. मामा शिडाची दोरी सोडत होते.

"थांबा! जाकीट रिकामं हाय!"

मामांनी जहिराच्या हातातलं नळकांडं पाहिलं आणि ते भडकलेच. "हे तुम्ही काढलंत? कुणी सांगितलं होतं हात लावायला?" त्यांनी ते हिसकावलं, गनीभाईंच्या जाकिटात घट्ट बसवलं आणि वर थाप मारली. "झालं! आता ठीक आहे!"

"मामा, वजन भरत न्हाई!"

"मला शिकवतेस? बाजूला हो!"

छगनकाका काठावर उभे होते. ते दोन पावलं पुढं सरसावले, पण मामांचा चढलेला आवाज ऐकून मागं सरकले. होडी हलली. जहिरा तशीच कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि तिनं होडीची कड दोन्ही हातांनी धरली.

"अब्बा, तुमी उडी टाकू नका! आदी जाकीट टाका!"

गनीभाईंनी मामांकडं पाहिलं, मग लेकीकडं. त्यांनी सावकाश बंद सोडले. "साहेब, माफ करा. पोरगी सांगती, तर येकदा टाकून बगतो." आणि त्यांनी जाकीट पाण्यात भिरकावलं.

"पाच मोजायच्या आत फुगतं," मामा गुरगुरले. "मोजा!"

पाहुणे मोजू लागले. एक... दोन... तीन... चार... पाच! जाकीट ओल्या फडक्यासारखं पसरलं. सात... आठ... नऊ... नळकांड्याच्या भारानं ते एका बाजूला कललं आणि हळूहळू खाली जाऊ लागलं. दहाच्या पुढं कुणी मोजलंच नाही.

"माझी चूक हाय!" छगनकाका ओरडले. "दमट लागलं, म्हनून बंबावर वाळत घातलं. फट्दिशी फुगलं! रंगनाथ रागावंल, म्हनून हवा दाबून काढली आन् घडी घालून परत खुंटीला अडकवलं. वाटलं, दोरी वढल्यावर परत फुगंल!"

मामांनी वाकून जाकीट वर ओढलं. "तुझी एकट्याची नाही, छगन. दर वेळी घालण्याआधी तपासायचं असतं. मी तो कागद उघडलासुद्धा नाही." मग ते पाण्यात उतरले आणि सगळ्यांदेखत जहिरासमोर त्यांनी हात जोडले. "पोरी, आज माझ्या हातून माणूस गेला असता."

"शाबास गं!" पाहुणे म्हणाले. गोरक्षच्या पाठीत त्यांनी कौतुकानं धपाटा घातला, तर बन्सीला खांद्यावरच घेतलं. काठावर येऊन पोहोचलेले भिमाजीमास्तर धापा टाकत ज्याला त्याला सांगत होते, "माझ्याच काट्यावर तोललं!"

गनीभाईंनी लेकीला पाण्यातून वर घेतलं आणि आपल्या उपरण्यानं तिचे केस पुसू लागले.

"अब्बा, तुमाला भ्या वाटत हुतं?"

"लई. काल रातीपासनं डोळ्याला डोळा न्हाई," ते हळूच म्हणाले. "पर एवढ्या मोठ्या मानसांना न्हाई कसं म्हनायचं, त्ये मला जमंना. तुला जमलं, बेटा."