नोंग रोडेलची टिक

पटो न पटो, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. त्यामुळे मला अक्कल शिकवायला येऊ नका.

गेल्या मार्चमधला शुक्रवार. भर दुपारी पाऊण वाजला होता. फिलिपिन्समध्ये इलोइलोजवळच्या बेटावर आमचं छोटं रुग्णालय आहे, तिथले कॉम्प्युटर मी सांभाळते.

त्या सकाळी मी नोंग रोडेलच्या घरी मयताला गेले होते; आमच्याकडे पुरण्याआधी शवपेटी काही दिवस घरीच ठेवतात. नोंग म्हणजे दादा. रक्तदाते शोधायचा आमचा प्रोग्रॅम त्यानंच लिहिलेला. पेटीत काचेखाली तो झोपला होता, गळ्यात नेहमीचा लाल दोरीचा पेनड्राइव्ह. त्याच्या आईनं तो काढू दिला नाही.

तेवढ्यात फोन आला. बाळंतीण एमलिनचं रक्त थांबत नव्हतं. गट ओ निगेटिव्ह. आणि नव्या कॉम्प्युटरवर रक्तदात्यांचा प्रोग्रॅम उघडेना.

मी धावत आले. थेट.

"मयताच्या घरून थेट?" नर्स मनांग डेल्मा, म्हणजे डेल्माताई, ओरडली. "अगं, वाटेत पावाच्या दुकानात तरी टेकायचंस! नाहीतर मेलेला मागं मागं येतो ना!"

"येऊ दे. काम त्याचंच आहे."

"जीभ बघा हिची!"

प्रोग्रॅमला लागणाऱ्या फायलींची यादी मी उघडली. एकीपुढे लिहिलं होतं... 'गहाळ'.

रक्तगट जुळवणारी, रोडेलनं लिहिलेली फाइल. जागा? त्याचा पेनड्राइव्ह.



अशा वेळी त्या फाइलीपुढची टिक काढायची. निदान बाकीचं चालतं, सहाशे नावं हातानं चाळता येतात. मी टिक काढली.

पंखा थांबला.

टक... टक... टक.

टेबलावर अंगठी आपटल्याचा आवाज. बटण दाबण्याआधी रोडेल असंच करायचा.

टिक परत आली होती.

पुन्हा काढली. पुन्हा आली.

"पोरी, ऊठ तिथून," मनांग पुटपुटली.

माझं डोकंच फिरलं. "नोंग, मेलास ना? मग टिक काढू दे! नाहीतर फाइल दे! आत बाई मरतेय, आणि तुला मान हवाय?"



'गहाळ' शब्द पुसला गेला. कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावलेला नव्हता. तरी तीन नावं आली, फोन नंबरांसकट.

तिघंही आले. एमलिन वाचली.

रविवारी रोडेलला पुरलं. पेनड्राइव्हसकट. मी स्वतः पाहिलं.

सोमवारी प्रोग्रॅम उघडला. काहीच गहाळ नव्हतं.

मागच्या आठवड्यात शहरातून एक तंत्रज्ञ आला. "मॅडम, ही फाइल नसलेल्या ड्राइव्हवर दिसतेय. टिक काढतो."

"हात लावायचा नाही."

"पण ड्राइव्ह आहे कुठं?"

"पुरलाय."

तो हसला. त्यानं माउस धरला.

टक... टक... टक.

मग तो हसला नाही. बॅगही विसरून गेला.

मला भीती वाटते का? वाटते. घरी जाताना न चुकता पावाच्या दुकानात टेकते.

पण ती टिक मी कुणाला काढू देणार नाही.