वरचा नंबर

विद्यापीठाच्या दफ्तरखान्यात सत्तावीस वर्षं जुने कागद सांभाळणाऱ्या बाईंना सगळे पुरावाबाई म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण त्यांच्या कानावर ते कधीच आलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं. कुणी सहज म्हणालं, "आज फार उकडतंय हो," तरी बाई चष्म्यावरून बघणार आणि विचारणार, "कशावरून?" अशा बाईच्या वाट्याला ही गोष्ट यावी, हीच मुळात गंमत. मी पदरचं काही घालत नाही. बसा नीट, आणि मध्ये बोलू नका.

विद्यापीठाला शंभर वर्षं होत होती. इतिहासाचं जाडजूड पुस्तक निघायचं होतं, आणि सुरुवातीच्या काळातलं खरं किती, लोकांनी रचलेलं किती, हे निवडायचं काम बाईंकडे आलं. बाईंनी कुणाची भीड ठेवली नाही. संस्थापकांनी आपला लाडका घोडा विकून पहिली पुस्तकं आणली म्हणे. बाईंनी त्यांचं भावाला लिहिलेलं पत्रच काढलं, 'मला घोड्याची फार भीती वाटते.' घोडा गेला. पहिला तास पटांगणातल्या मोठ्या झाडाखाली भरला म्हणे. झाड लावल्याची नोंद अकरा वर्षांनंतरची. झाडही गेलं. कुलसचिव साहेब हसत म्हणाले, "बाई, संस्थापक तरी शिल्लक ठेवा."

एका ठिकाणी मात्र त्यांचं घोडं अडलं.

सगळ्यात जुन्या इमारतीत, दालन क्रमांक एकमध्ये, हजेरीची एक रीत आहे. शेवटचा नंबर झाला की प्राध्यापक आणखी एक नंबर पुकारतात. वर्गात साठ मुलं असली तर एकसष्ट. ओ कुणी देत नाही. दोन श्वास थांबायचं आणि शिकवायला लागायचं. याला वरचा नंबर म्हणतात. नवा माणूस विसरला तर मुलंच ओरडतात, "सर, वरचा राहिला!" का, ते कुणाला धड माहीत नाही. पहिल्या वर्षी एक मुलगा परीक्षेआधी विहिरीत बुडाला, त्याच्यासाठी, असं सांगतात. बाईंनी दाखवून दिलं की विहीर वीस वर्षांनी खणली. तो मुलगाही गेला.

पण मग एक कागद हाती लागला. पहिल्या वर्गाच्या हजेरीपटावर नावं तेहेतीस. आणि पहिल्या परीक्षेच्या तक्त्याखाली परीक्षकाच्या हातची बारीक ओळ, 'उत्तरपत्रिका आल्या चौतीस. निकाल लावले तेहेतीस. चौतिसावीवर नाव नाही. सर्वांत उत्तम तीच.'

चौतिसावी कुणाची? बाईंच्या घरात याचं उत्तर चार पिढ्यांपासून तयार होतं. त्यांची पणजी त्या दालनात झाडू मारायची. मागच्या भिंतीत झाडू-बादल्या ठेवायची अंधारी कोठी होती. झाडून झालं की ती कोठीचं दार आतून ओढून घ्यायची, जमिनीवर बसायची आणि तास ऐकायची. वर्षभर. परीक्षेनंतर बाकं आवरताना आपलाही पेपर तिनं गठ्ठ्यात सरकवला.

"मग लिही ना तसं!" आई म्हणाली. आई चौऱ्याऐंशीची. डोळे जवळजवळ गेलेले, जीभ शाबूत. "सोमवारी छापायला जाणार म्हणतेस, मग कधी लिहिणार?"

"आई, पुरावा नाही."

"मी आहे की! माझ्या आजीनं मला मांडीवर घेऊन सांगितलंय."

"तू ऐकलंस. तिनं केलं, याचा कागद कुठाय?"

"शाब्बास! परक्याच्या घोड्यासाठी कपाटं पालथी घातलीस, आणि स्वतःच्या पणजीला खोटी पाडतेस?" आई पुढे सरकली. "अगं, मला चौथीतून काढली तेव्हा आजी एवढंच म्हणाली होती, 'रडू नको, आपण तिथं शिकून आलोय.' मी जायच्या आत एकदा तिचं नाव ऐकू दे मला. भीक मागत नाहीये, तिच्या हक्काचं मागतेय."

बाईंनी ताट बाजूला सारलं. त्यांचा त्या गोष्टीवर शंभर टक्के विश्वास होता. म्हणूनच त्या लिहीत नव्हत्या. घरची म्हणून सूट दिली असती, तर सत्तावीस वर्षांची मान खाली गेली असती.

रविवारी दुपारी त्या दालन एकमध्ये गेल्या. सुट्टी होती, इमारत रिकामी. काम साधं होतं. कोठीत बसलं की मंचावरचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं का, एवढं तपासायचं. किल्ल्यांचा जुडगा घेऊन शिपाईमामा बरोबर होते. तीस वर्षं त्याच इमारतीत काढलेले, गप्पिष्ट माणूस. पण कोठीचं कुलूप काढताना त्यांची बडबड बंद झाली.

"बाई, मी आत येणार नाही हां. आधीच सांगतो."

"तुम्हाला कुणी बोलावलंय? तुम्ही मंचावर उभे राहा. हा जुना हजेरीपट. सावकाश वाचा."

कोठी हात पसरले की संपावी एवढी. बाई खाली फरशीवर बसल्या, पणजी बसायची तशा, आणि दार ओढून घेतलं. बाहेर भर दुपार, आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. ओल्या फडक्याचा वास, जुन्या चुन्याचा वास. थोड्या वेळानं आणखी एक वास आला. शाईचा. बाईंनी मनात नोंद केली, शाई, कारण अज्ञात.

मामांचा आवाज खणखणीत येत होता. एक, नाव. दोन, नाव. शब्दन् शब्द कळत होता. बाईंना बरं वाटलं. निदान एवढं तरी सिद्ध झालं, की इथं बसून शिकता येत होतं.

वीस... एकवीस... बाईंना वाटलं, कोठी मघापेक्षा अरुंद झालीय. डावा खांदा कशाला तरी टेकला होता. भिंतीलाच टेकला असणार. पण भिंत गार असते.

बत्तीस... तेहेतीस. यादी संपली. मामा तीस वर्षं दाराबाहेर उभं राहून हजेऱ्या ऐकत आलेले, जिभेला वळणच पडलेलं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "चौतीस."

"हजर."

बाईंच्या कानाशी. अगदी कानाशी. दबका, पण ठाम. कुणा दुसऱ्याच बाईचा आवाज.

बाहेर हजेरीपट पडल्याचा आवाज झाला. "बाई... तुम्ही कशाला ओ दिलीत?"

"मी... मी नाही दिली."

"मग कुणी...?"

तेवढ्यात डाव्या बाजूच्या भिंतीवरचा चुना सुटला आणि पोपडेच्या पोपडे त्यांच्या मांडीवर पडले. बाईंनी विजेरी लावली. शेजारी कुणी नव्हतं. पण भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, खिळ्यानं ओढलेल्या रेघा होत्या. पाच-पाचचे जुडगे, ओळीनं. आणि खाली, हळूहळू जमत गेलेल्या अक्षरांत, एक नाव. संपूर्ण नाव.

दुसरी बाई असती तर किंचाळून पळाली असती. पुरावाबाईंनी रेघा मोजल्या. खात्रीसाठी दोनदा मोजल्या. दोनशे बारा. मग बाहेर येऊन हजेरीपट उचलला आणि वर्षाचे तास मोजले. तेही दोनशे बारा. चुन्याचे पोपडे रुमालात बांधून घेतले. त्यांत चुन्याचे एकावर एक सहा थर दिसत होते, म्हणजे रेघा त्या सगळ्यांच्या आधीच्या. पाचावर धारण बसलेले शिपाईमामा दाराशी हात जोडून उभे होते.

"मामा," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडूच फुटलं, "माझी पणजी एक दिवससुद्धा गैरहजर नव्हती हो!"

सोमवारी बाईंनी छपाई थांबवली, आणि चुन्याची तपासणी झाल्यावर पान बदललं. घरातल्या दंतकथेतून पणजी उठली आणि पहिल्या प्रकरणात जाऊन बसली. विद्यापीठाची पहिली विद्यार्थिनी. फोटो, मोजमाप, चुन्याचा तपासणी-अहवाल, सगळं सोबत. कानाशी आलेल्या आवाजाचं बाईंनी लिहिलं नाही. त्याला पुरावा नव्हता.

पुस्तक छापून आलं. आईनं ते पान तीनदा वाचून घेतलं, मग त्या कागदावर नुसता हात ठेवून बसली. तिनं मुखपृष्ठही चाचपलं. "आणि तुझं नाव कुठाय ग?"

"माझं कशाला? 'दफ्तरखान्याच्या सौजन्याने' असं छापलंय."

"म्हणजे कुठेच नाही?"

"आई, पणजीचं आलं ना? झालं तर."

प्रकाशनाचा समारंभ दालन एकमध्येच होता. खच्चून भरलं होतं. आई पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून, ताठ बसलेली. शेजारी बाई, आईचा हात हातात घेऊन. कोठी बंद होती. आत गर्दी जाऊ नये म्हणून बाईंनी स्वतः कुलूप घातलं होतं आणि किल्ली पर्समध्ये ठेवली होती.

कुलसचिव साहेबांनी पहिला हजेरीपट वाचायला घेतला. प्रत्येक नावाला अख्ख्या सभागृहानं "हजर" म्हणायचं, असं ठरलं होतं. तेहेतीस नावं झाली. साहेब थांबले. त्यांनी चष्मा पुसला.

"चौतीस," ते म्हणाले, आणि पणजीचं नाव उच्चारलं, पूर्ण.

"हजर!" भिंती दणाणल्या. लोक उभे राहिले. आईच्या गालांवरून पाणी वाहत होतं, मान मात्र एखाद्या राणीसारखी वर होती. बाईंना वाटलं, सगळं भरून पावलं.

टाळ्या ओसरल्या. साहेबांनी याच दालनात वीस वर्षं शिकवलेलं. सवय कुठं जाते? हजेरीपट मिटता मिटता त्यांच्या तोंडून गेलंच.

"पस्तीस."

लोक हसले. दोन श्वास शांतता.

"हजर."

मागून आला. बंद कोठीतून. दबका, पण ठाम.

कुणी वळून पाहिलं, कुणी पुन्हा हसलं, बहुतेकांना ती कुणाची तरी चेष्टा वाटली. पुरावाबाई मात्र जागच्या जागी गोठल्या. त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. किल्ली पर्समध्ये होती, त्यांनी चाचपून पाहिली. आणि तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. सत्तावीस वर्षं "कशावरून?" विचारत आलेला.

आईनं कोठीच्या दिशेनं मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

"अगं, तू आत कधी जाऊन बसलीस?" ती हसून म्हणाली.

मग तिचं हसू हळूहळू विरलं. तिनं आपला हात धरलेली बोटं चाचपली. एकेक बोट.

"आणि मग... माझ्या शेजारी कोण बसलंय ग?"