ब्रेकची पट्टी

कुलदीप, मोबाइल पालथा ठेव आधी. आणि हसायचं तर आत्ताच हसून घ्या सगळे.

धाराशिवला स्टँडमागं माझ्या साडूच्या पोराचं, वैजनाथचं, दुरुस्तीचं दुकान हाय. मोबाइल, रिमोट, गेमची यंत्रं, पडेल ते काम. पोरगं देवाला हात जोडायचासुद्धा कंटाळा करणारं, म्हणून तर त्याच्या सांगण्यावर माझा विश्वास. मागल्या साली चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी त्याच्याकडं अणदूरच्या म्हाळसाबाई आल्या. पिशवीत गाडी चालवायच्या गेमचं स्टिअरिंग. रबर पार गुळगुळीत झालेलं. त्यांच्या पोराचं, बिरदेवचं.

बिरदेवला ड्रायव्हर व्हायचं होतं. आईनंच हौसेनं ते घेऊन दिलं. त्यावर हात बसवून पोरगं पिकअप चालवायला लागलं, आणि पावसाळ्यात नळदुर्गच्या अलीकडं पुलाच्या कठड्यावर आदळून गेलं. रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती. झालं! गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? "गेम खेळून खेळून ब्रेक मारायचंच इसरलं," म्हणाले लोक. म्हणजे पोराला मारलं कुणी? आईनं दिलेल्या खेळण्यानं. तेव्हापासून बाई रडल्यासुद्धा नव्हत्या. आतून पार बधिर.

"दादा, यात ब्रेक लागतुया का, एवढंच बघून सांगा," म्हणाल्या.

"पायातली पेडलं कुठं हायत, मावशी?"

"ती पायाखालची पाटी व्हय? खाटंखाली हाय की. ती कशाला आणू? ब्रेक हातातच असतोय नव्हं, सायकलीवानी?"

वैजनाथनं स्टिअरिंग पिशवीतून काढून घेतलं. "ठेवून जा. उद्या म्याच घेऊन येतो," म्हणाला.

रात्री गिऱ्हाईक संपल्यावर शटर अर्धं ओढून त्यानं स्टिअरिंग उघडलं. आतला सेन्सर झिजलेला, त्यामुळं नुसतंच डावीकडं ओढत होतं. नवा टाकला. कॉम्प्युटरला जोडलं. पडद्यावर तीन पट्ट्या येतात, स्टिअरिंगची, रेसची, ब्रेकची. मग कॉम्प्युटर सांगतो तसं करायचं. चाक पुरं डावीकडं फिरवा. पुरं उजवीकडं फिरवा. आता हात सोडा...

त्यानं हात सोडले.

चाक मधी आलं. ते बरोबर हाय, आत मोटर असते. थांबलं. मग... उजवीकडं वळायला लागलं. हळूच. कुणीतरी काहीतरी चुकवावं तसं.

आणि ब्रेकची पट्टी भरायला लागली.

पेडलं जोडलेलीच नव्हती. रिकाम्या जोडणीची पट्टी कधीकधी थरथरते, वैजनाथला ते ठाऊक. ही थरथरत नव्हती. चढत गेली. पुरी भरली. तिथंच थांबली. रेस शून्य.

भ्याला का? म्हणतो, भ्यायचंबी सुचलं न्हाय. मग त्यानं विचारलं...

"बिरदेव...?"

...

पट्टी तशीच. भरलेली.

सकाळी पहिल्या गाडीनं तो अणदूरला गेला. म्हाळसाबाईंपुढं स्टिअरिंग ठेवलं. "मावशी, त्यानं ब्रेक दाबला व्हता. पुरा दाबला व्हता. गाडीचाच लागला न्हाय."

बाईंनी वाकून खाटंखालून पाटी ओढली. वर धुळीचा थर. रेसचं पेडल जागेवर होतं. ब्रेकचं... पार तळाला टेकलेलं.

वैजनाथनं उचलून बघितलं. स्प्रिंग शाबूत. काही अडकलेलं न्हाय. वर येईना.

बाईंनी त्या पेडलवर हात ठेवला. आणि तेव्हा, इतक्या महिन्यांनी, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"सोड आता, बिरू," म्हणाल्या. "पाय दुखत असंल..."

मागल्या महिन्यात म्या स्वतः बघून आलो. पेडल अजून खालीच हाय.