खिडकीचं माप

आई गेल्यावर धाकटीच्या वाट्याला एक काळी ट्रंक आली. वाट्याला आपलं म्हणायचं, कारण वाटेकरी दुसरं कुणी उरलंच नव्हतं. दादा वडिलांच्या पावलावर पाऊल ठेवून फौजेत गेला आणि वडिलांच्या आधीच संपला. मागून वडीलही गेले. ट्रंकेला हात लावायला धाकटीने बरेच दिवस घेतले. उघडली तेव्हा आत पडदे निघाले. गडद हिरवे, धुऊन धुऊन विटलेले, खालच्या काठावर जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगाच रांगा.

त्या पडद्यांत आईचा उभा जन्म गेला होता. वडिलांची बदली झाली की नवं क्वार्टर, आणि दर क्वार्टरच्या खिडक्या वेगळ्या. अर्धं सामान ट्रकमध्येच असताना आई सुईदोरा घेऊन फतकल मारून बसायची. वडील सीमेवर, पोरं तापाने फणफणलेली, नळाला पाण्याचा पत्ता नाही, तरी पहिल्या संध्याकाळी पडदे लागायचेच. "पडदा लागला की घर आपलं," म्हणायची. दादाची बातमी घेऊन दोन अधिकारी दारात आले तेव्हाही मांडीवर पडदाच होता. तिने त्यांना बसवलं, पाणी दिलं, ते गेल्यावर उरलेली शिवण पुरी केली. काळजाचा दगड केला बाईने, असं लोक म्हणाले. धाकटीला मात्र चारचौघांत न रडणाऱ्या त्या बाईची लाज वाटली होती.

पुढे धाकटीचं स्वतःचं घर झालं. आई फोनवर एकच मागणं मागायची, "खिडकीचं माप तेवढं कळव गं."

"अगं, अजून रंग व्हायचाय. मग येच तू."

रंग दोनदा होऊन गेला. आईचा तो छावणीतला खणखणीत आवाज आणि ते विटके पडदे नवऱ्याच्या मित्रमंडळींसमोर नको होते, हे खरं कारण. आईने या घरात पाऊल ठेवलं नाही ते नाहीच.

निदान एकदा लावून तरी बघू, म्हणून धाकटीने दिवाणखान्यात पडदा टांगला. ती खिडकी मुळातच वाकडी. गवंड्याच्या चुकीने चौकट डावीकडे बोटभर खाली उतरली होती, त्यामुळे बाजारातला कुठलाही पडदा तिथे तिरपा दिसायचा. आईचा पडदा चौकटीला बरोबर लागला. त्याची शिवण डावीकडे बोटभर खाली होती.

"योगायोग," नवरा म्हणाला. "जुनं कापड आहे, ताणलं असेल."

"आणि स्वयंपाकघरातला? तोही ताणला? बरोब्बर बसलाय तो."

तो चष्मा पुसत राहिला.

रविवारी नवऱ्याच्या साहेबांची बायको चहाला आली. तिने पडद्याचं टोक दोन बोटांत धरून पाहिलं. "हे काय गं?"

"रंगाऱ्याने टांगलेत," धाकटी हसून म्हणाली. "काम चालू आहे ना."

बोलून गेली आणि तोंड कडू झालं. कप खाली ठेवताना तिची नजर खिडकीकडे गेली. वारा अजिबात नव्हता. पण पडदा मागे सरून भिंतीला चिकटला होता, पाहुण्यांसमोर नको असलेलं माणूस अंग चोरून उभं राहावं तसा.

पाहुणी जाताच तिने पडदे उतरवून ट्रंकेत टाकले आणि शिंप्याला बोलावलं. त्याने नीट माप घेतलं. नवे पडदे आले ते चार बोटं आखूड.

"माझा हात असा चुकत नाही, वहिनी," तो ओशाळून म्हणाला. पुन्हा माप घेतलं, पुन्हा शिवले. पुन्हा चार बोटं आखूड.

तिसऱ्यांदा तो टेप खिडकीला लावून नुसता बघत राहिला.

"कापडाचा दोष नाही हा. तुमची खिडकी वाढतेय." आपल्याच विनोदाला तो एकटा हसला आणि गेला. टेप तिथेच राहिली. ती न्यायला तो आला नाही.

उघड्या खिडक्यांच्या त्या घरात धाकटीला काही सुचेना. सामान जागच्या जागी होतं, पण बोललं की आवाज रिकाम्या क्वार्टरसारखा घुमायचा. नवरा कुजबुजत बोलू लागला.

एका दुपारी ती घरात एकटी होती. ट्रंकेसमोर बसली आणि शरमेने मान वर होईना.

"चुकलं माझं, आई," ती म्हणाली. "ये. राहा इथे."

मग तिने पडदा काढून टांगला.

आता एवढ्या वाढलेल्या त्या खिडकीला तो पुरून उरला नाही, कमीही पडला नाही. डावीकडे बोटभर खाली.

तिने काठ हातात घेतला. दोरा कोरा होता.

आईने पडद्याला कधी कात्री लावली नव्हती. पुढच्या बदलीला लागेल म्हणून वीतभर कापड आत दुमडून ठेवायची. जिथून हलायचं नाही तिथेच कापायचं, म्हणायची.

धाकटीने दुमड चाचपली.

दुमड नव्हती. खाली फरशीवर, खिडकीच्या बरोबर खाली, हिरव्या कापडाची सरळ कापलेली पट्टी पडली होती.