माझ्या गुडघ्यात मुंगू पोहला त्याची गोष्ट

माझ्या डाव्या गुडघ्यात एक जण राहून गेलाय म्हटलं की शेजारणी हसतात. हसू देत! नाव मुंगू. यंत्रमानव, खसखशीच्या दाण्याहून लहान. डॉक्टरीणबाईंनी सुईतून त्याला आत सोडलं, दुखऱ्या जागी औषध पोचवायला, आणि त्या पुढच्या घरी गेल्या. पडद्यावर लक्ष ठेवायला माझी नात अबोली.

“आज्जी, हा शेपूट हलवतोय, पण जागचा हलत नाही!”

“आळशी असेल मेला.”

“आळशी तुम्ही!” पडद्यातून मुंगू ओरडला. “वीस मिनिटांची वीज उरलीय. अडकलो तर गुडघा चिरून काढावं लागेल मला!”

चिरून? मी गुडघा दोन्ही हातांनी धरला. अबोलीचाही चेहरा पडला. पण पोरगी उठली, वाटीत काकवी घेऊन आली. गुडघ्यातलं वंगणही असंच श्यान (घट्ट, चिकट) असतं म्हणाली. त्यात तिनं खराट्याची काडी डावी-उजवी हलवली.

“हे बघ. पाण्यात हात मारला की आपण थोडं घसरत पुढे जातो. इथे थांबलं की थांबलंच! ताठ काडी जाताना जितकं ढकलते, तितकंच येताना उलटं ढकलते. शेवटी जागच्या जागी.”

मग माझ्या खिरीतली लांब शेवई उचलून तिनं काकवीत बुडवली आणि एक टोक हलवलं. हातातलं टोक आधी वळलं, दुसरं मागाहून. शेवईतून लाट सरकत गेली.

“जाताना एक आकार, येताना वेगळा! लाट काकवीला मागे रेटते, म्हणून पोहणारा पुढे जातो. मुंगू, तुझं शेपूट असं मऊ का नाही?”

“उबेनं मऊ होतं. पण इथे हिमालय झालाय!”

अबोलीनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

“आज्जी...?”

“सुईची भीती वाटली गं. बधिर व्हावं म्हणून आधीच गुपचूप बर्फ चोळला, तासभर.”

“तासभर!” म्हणत ती गरम पाण्याची पिशवी घेऊन धावली. शेक लागला तसं शेपूट लहरायला लागलं, आणि मुंगू निघाला की सुळकन! औषध ठेवून सुईच्या वाटेनं बाहेरही आला.

चौथ्या दिवशी मी मांडी घातली, तीन वर्षांत पहिल्यांदाच. अबोलीनं लगेच तिच्यावर डोकं टाकलं.

“आज्जी, असं पोहत डोळ्यात जाता येईल? मेंदूतसुद्धा?”

“येईल की. शेपूट कसं हवं ते तू सांग मुंगू बनवणाऱ्यांना.”

ती विचार करता करता झोपली. पायाला मुंग्या आल्या, तरी मी मांडी हलवली नाही.