चौथं रीळ आधी

अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकताच तिचा पाय कशावर तरी पडला, आणि ते ‘कशावर तरी’ चक्क ओरडलं.

“अहो, हात आहे तो माझा!”

“मग जमिनीवर कशाला ठेवलात?”

“स्क्रू शोधतोय... मशीनचा. तुम्ही बसा ना. कुठेही बसा, फक्त माझ्यावर नको.”

पहिल्या भेटीत माणसं निदान बरं बोलतात, असा तिचा समज होता. हा गुडघे झटकत उठला, दुखऱ्या बोटांवर फुंकर मारली आणि हसला. हसू छान होतं. त्यामुळे तर ती जास्तच चिडली.

ती वर्तमानपत्रात सिनेमाची परीक्षणं लिहायची. ऑफिसात तिला सगळे ‘कात्री’ म्हणत. तो फिल्म-संग्रहालयात जुन्या, फाटक्या फिल्म दुरुस्त करायचा, म्हणून तो ‘डॉक्टर’. एका फार मोठ्या दिग्दर्शकाच्या सिनेमांचा महोत्सव भरणार होता. त्याचे बाकीचे सिनेमे लोकांना तोंडपाठ होते, ती आज बघायला आली होती तो एकच कुणाला नको होता. एक नवरा-बायको घर बदलतात, खोकी भरतात आणि भांडतात, बस्स. आला तसा पडला, आणि तेव्हापासून ‘म्हातारपणीची चूक’ म्हणून अडगळीत गेला. संपादक तिला म्हणाले होते, “बघून ये. दम वाटला तर रविवारचं अख्खं पान तुझं.” अख्खं पान! आजवर तिच्या वाट्याला जाहिरातीखालची चतकोर जागा यायची.

मशीन चालवणारा रजेवर होता, म्हणून डॉक्टर स्वतःच मागच्या काचेआड जाऊन उभा राहिला.

सुरुवातीची रिळं तिने जांभया देत काढली. मग एकदम चमत्कार झाला. बायको दारातून आत आली—कुठून, कधी गेली होती, काही पत्ता नाही—आणि नवऱ्याने न बोलता खुर्चीवरचं खोकं उचलून खाली ठेवलं. त्यानंतर पुढच्या रिळात कडाक्याचं भांडण, आणि बायको बॅग उचलून भावाकडे चालती झाली. कात्री खुर्चीत पुढे सरकून बसली. आधी परतली, मग गेली! म्हाताऱ्या दिग्दर्शकाने काळच उलटा फिरवला होता, आणि एवढ्या वर्षांत एकाही शहाण्याच्या हे लक्षात आलं नव्हतं.

“कसा... वाटला?” बाहेर आल्यावर डॉक्टरने विचारलं. चेहरा जरा पांढरा पडला होता.

“अफाट!”

“मला एक सांगायचं होतं—”

“काय?”

तो तिच्याकडे पाहत राहिला. “कॉफी घेणार?”

कॉफी झाली. दुसऱ्या दिवशी परत झाली. मग काहीतरी विचारायला ती फोन करी, काहीतरी सांगायला तो करी, आणि विचारायचं नि सांगायचं राहून भलतंच बोलणं होई. तो बोलता बोलता तिच्या कपाळावर आलेली बट बघत राही, आणि तिने पाहिलं की घाईघाईने साखर ढवळू लागे. साखर तो घेतच नसे! आणि दर वेळी निघताना तेच. “मला एक सांगायचं होतं...” की गप्प. काय सांगायचंय ते तिला कळत होतं. न कळायला ती काही कुकुलं बाळ नव्हती. पण हा बाबा बोलेल तर ना! तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला.

पान छापायला जायच्या दिवशी तो दुपारी थेट तिच्या ऑफिसात आला. केस विस्कटलेले, कपाळावर घाम.

“आज सांगतोच,” तो म्हणाला.

तिने ओढणी सारखी केली. “सांगा ना...”

“तिसरं रीळ आणि चौथं रीळ... उलट्या क्रमाने लागली होती.”

“काय?”

“साफ करून मीच डब्यांत भरली. डबे बदलले. बायको आधी जाते, मगच परत येते. साधा, सरळ सिनेमा आहे हो तो.”

तिच्या पायाखालची जमीन सरकली. समोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिचं अख्खं पान तयार होतं, वर मोठ्या अक्षरांत मथळा: ‘उलट्या काळाचा जादूगार’.

“कधी कळलं तुला?” रागाच्या भरात ‘तुम्ही’ कधीच गळून पडलं होतं.

“चौथ्यानंतर तिसरं सुरू झालं तेव्हाच.”

“मग थांबवलं का नाहीस?”

“थांबवणार होतो. पण काचेतून दिसलं—तुम्ही पुढे सरकून बसला होतात. हनुवटीखाली हात घेऊन. इतक्या छान दिसत होतात... माझा हातच बटणाकडे जाईना.”

असल्या माणसाला काय करावं? चिडावं तर धड चिडूही देत नाही. तिने कपाळावर हात मारला, संपादकांच्या हातापाया पडून संध्याकाळपर्यंत पान अडवलं, आणि त्याला अक्षरशः बाहीला धरून संग्रहालयात नेलं.

“नीट लाव. आणि मला बघत बसू नकोस!”

या वेळी बायको आधी भांडली, आधी गेली. रिकाम्या घरात नवरा एकटाच वस्तू या खोक्यातून त्या खोक्यात टाकत राहिला. ती परत आली. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. त्याने फक्त खुर्चीवरचं खोकं उचललं, तिला बसता यावं म्हणून. आणि कात्रीला रडू फुटलं. मागच्या खेपेला ह्याच प्रसंगात तिला दिग्दर्शकाची हुशारी दिसली होती. माणसं दिसलीच नव्हती. लोकांनी मोठ्या माणसाकडून मोठं काहीतरी मागितलं, त्याने एवढंसंच दिलं, आणि तीही त्याच लोकांतली निघाली. हे तिला फार लागलं.

तिथेच बसून तिने पान नव्याने लिहिलं. आपण आधी काय पाहिलं आणि कशाला भुललो, हेही लिहून टाकलं.

“माझं लिहिलंत?” त्याने चाचरत विचारलं.

“लिहिलंय. ‘एका मूर्खाने’.”

“बरोबर आहे.”

संपादकांचा फोन आला. पान घेतलं होतं, आणि महोत्सवाचा शेवट याच सिनेमाने होणार होता. तिने सुस्कारा सोडला, पर्स उचलली. “चला. तुझं सांगून झालं. मी निघते.”

“नाही... अजून एक आहे.”

“आता कुठलं रीळ?”

“रविवारी घरी याल? आई बोलावतेय.”

“मला? कशाला?”

“तिला सांगितलंय मी... लग्न करीन तर हिच्याशीच.”

तिने पर्स परत खाली ठेवली. “आईला सांगितलंस?”

“हो.”

“आणखी कुणाला?”

“मावशीला. मावशीने मामांना सांगितलं.”

“आणि मला?”

तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, “ते... राहिलंच.”

“अरे देवा! आधी मला, मग आईला! एवढंसुद्धा तुला—”

“चुकलं,” तो म्हणाला. “सुरुवातीपासून सांगू?”

“सांग. आणि मध्ये थांबलास तर याद राख.”

“तू मला फार आवडतेस,” तो म्हणाला. आवाज कापत होता, पण थांबला नाही. “तू भांडतेस तेव्हाही. तेव्हा तर जास्तच. जन्मभर भांडशील माझ्याशी?”

ओठांवर आलेलं हसू दाबायचा तिने खूप प्रयत्न केला. जमलं नाही.

“भांडेन,” ती म्हणाली. “आता आईला फोन कर. सांग, येते म्हणून.”